इंडेंट कुणाचा?

गेली १९ वर्षं मी महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत खरेदी खात्यात आहे. व्हॉल्व्ह, गॅस्केट, काचेचं अस्तर लावलेले रिॲक्टर, संडासातल्या डांबरगोळ्या, कंपनीला जे जे लागतं ते माझ्या टेबलावरून जातं. पद्धत साधी आहे. ज्याला वस्तू हवी तो इंडेंट भरतो, मी तीन कोटेशनं मागवतो, तक्ता मांडतो, सगळ्यांत कमी भाववाला एल-वन ठरतो, त्याला आणखी थोडा घासायचा आणि पी. ओ. काढायची. एवढ्या भांडवलावर मी कोट्यवधींचा माल घेतला आहे. घरात मात्र मला पावशेर मिरच्यांच्या वर काही आणायला सांगत नाहीत, आणि त्या मिरच्याही ‘जाळ आहेत नुसत्या’ आणि ‘गवत आणलंत का?’ अशा दोनच प्रतींच्या निघतात.

अशा माणसावर घरासाठी टॅबलेट निवडायची वेळ आली.

पहिला घोळ नावापासूनच. “आई, टॅबलेट घ्यायचं चाललंय,” असं मी म्हटल्याबरोबर आईनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. “कसली रे? प्रेशरची का? जेवणाआधीची की नंतरची?” ही म्हणाली, “ती नव्हे हो आई, पाटीसारखी असते ती.” आईचा दोष नाही. आमच्या वसाहतीच्या पोटापाण्यात औषधाचा वाटा मोठा. गंमत अशी, की इथं गोळी होत नाही, गोळीतली पूड होते. ती ड्रमात भरून, सील लावून गाडीनं जाते आणि गोळी कुठं तरी लांब दाबली जाते. मग तीच गोळी, चंदेरी कागदात बसून, महाडच्या मेडिकलमध्ये परत येते. एकूण टॅबलेट कुठलीही असो, आम्हाला बाहेरूनच आणावी लागते.

ती टॅबलेट की तो टॅबलेट, यावर दोन दिवस गेले. शेवटी ‘टॅब’ म्हणायचं ठरलं. तो पुल्लिंगी निघाला, म्हणून घरात त्याच्यावर पहिल्यापासूनच जरा अविश्वास.

आता इंडेंट. मी कंपनीची स्टेशनरी घरी आणत नाही (हे मुद्दाम लिहितो, कारण आमचे ऑडिटवाले मराठी मासिकं वाचतात). वहीच्या पानावर रकाने आखले: मागणी करणाऱ्याचं नाव, वापराचं कारण, किती निकड, सही. आणि घरभर फिरवलं. सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं: “मला काही नको. पण घरात एक असावा.”

खरेदी खात्यात या वाक्याची दहशत आहे. ‘असावा एक’ म्हणून मागवलेल्या वस्तू आमच्या स्टोअरच्या मागच्या शेडमध्ये प्लास्टिक न काढता उभ्या आहेत. म्हणून मी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. मोठी दहावीत, तिला क्लासच्या नोट्स पीडीएफमध्ये येतात आणि मोबाईलवर त्या वाचताना प्रत्येक ओळीचं शेपूट काचेबाहेर जातं. धाकट्याला ‘प्रोजेक्ट’साठी हवा होता, म्हणजे क्रिकेट. हिला बचत गटाचा हिशेब आणि रात्रीच्या मालिका. आईला कीर्तन, शिवाय परळला राहणारी धाकटी मावशी पुरती बघायची होती. व्हिडिओ कॉलवर मावशीचं नुसतं कपाळ दिसतं, आणि आईनं फोन सवयीनं कानाला लावल्यामुळे मावशीला आईचा नुसता कान. दोघी बहिणी गेली तीन वर्षं कपाळ आणि कान या नात्यानं बोलतायत. मला स्वतःला काय हवं होतं? या सगळ्यांच्या हातून माझा मोबाईल परत.

कंपनीत पाच खात्यांनी मिळून एकच पंप मागितला तर मी इंडेंट परत पाठवतो. ॲसिडचा पंप वेगळा, पाण्याचा वेगळा, गाळ ओढायचा वेगळा. घरात इंडेंट परत पाठवायची सोय नाही. घरात फक्त मी परत पाठवला जातो.

तीन कोटेशनं आपोआप जमली. एक बाजारपेठेतल्या दुकानदाराचं, एक ऑनलाइनचं, तिसरं हिच्या भावाचं. आमच्याकडे प्रत्येक घरामागे एक मुंबईकर असतो आणि तो गणपतीला येताना सामानाआधी सल्ला उतरवतो. मेहुण्यानं फोनवर निकाल दिला, “भावजी, घ्यायचा तर आयपॅड. नाही तर पाट घ्या बसायला.” २७ जानेवारी २०१० रोजी स्टीव्ह जॉब्झनं पहिला आयपॅड दाखवला, तेव्हा हा गृहस्थ बारावीला नापास व्हायच्या तयारीत होता. पण तो बोलतो असा, की त्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत स्टेजवर खुर्च्या यानंच मांडल्या.

मी शांतपणे तक्ता मांडायला घेतला. पहिला रकाना: साईज.

इथं एक फसगत आहे. टॅबचा इंच हा कपड्याच्या इंचासारखा सरळ नसतो. तो एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. आमच्या कोकणात जमिनीसुद्धा अशा तिरक्या मोजत नाहीत, नाही तर भावाभावांत एकही बांध शिल्लक राहिला नसता. मी कागदावर पायथागोरस काढला. १० इंची टॅब ८ बाय ६ असेल तर काच भरते ४८ चौरस इंच. तोच १० इंची टॅब सिनेमाच्या पडद्यासारखा लांबुडका, १६ला ९ या मापाचा असेल, तर जेमतेम पावणेत्रेचाळीस. खोक्यावर दोन्हीकडे ‘१०’च. चौकोनी अंगाचा वाचायला बरा, लांबुडका मालिकेला बरा. म्हणजे नुसत्या आकारावरूनच मोठी आणि तिची आई समोरासमोर आल्या.

दुसरा रकाना: साठवण. दुकानदार म्हणाला, “चौसष्ट जीबी आहे, आयुष्यभर भरणार नाही.” मी विचारलं, “ग्रॉस की नेट?” तो गप्प. वजनकाट्यावर आयुष्य गेलेल्या माणसानं दुसरं काय विचारायचं? भरलेली गाडी म्हणजे ग्रॉस, रिकामी गाडी म्हणजे टेअर, वजा जाता माल. टॅबमध्ये टेअर आधीच भरून येतं: त्याची स्वतःची सिस्टिम, कंपनीनं प्रेमानं घातलेली ॲप, जी काढू म्हटलं तरी निघत नाहीत. शिवाय खोक्यावरचा जीबी १००० च्या हिशेबानं आणि बऱ्याच यंत्रांच्या पोटातला १०२४ च्या, त्यामुळे ६४ चे चालू करण्याआधीच साठाच्या आत येतात. सगळं वजा जाता हातात पंचेचाळीसच्या आसपास. त्यात धाकट्याचे दोन खेळ आणि आईचं आषाढी ते कार्तिकी कीर्तन बसवायचं. मी १२८ वर खूण केली.

तिसरा रकाना तक्त्यात नव्हता, तो मी घातला: एक्स्पायरी. आमच्याकडे कच्च्या मालाच्या प्रत्येक ड्रमावर तारीख असते. ती उलटली की माल पुन्हा तपासल्याशिवाय वापरता येत नाही. मेडिकलमधल्या दोन रुपयांच्या गोळीवरही तारीख छापलेली असते. या वीस हजारांच्या टॅबलेटच्या खोक्यावर मात्र सगळं होतं, तेवढी तारीख नव्हती. आणि टॅब जुना होतो तो काच फुटून नव्हे. त्याच्या सिस्टिमचे अपडेट येणं थांबतं, मग एक दिवस बँकेचं ॲप त्याच्यावर चालायचं नाकारतं. वस्तू धडधाकट, पण घरात कुणी विचारत नाही, अशी ती अवस्था. रिटायर झालेल्या माणसाला कळेल. दुकानदाराला विचारलं, “याला अपडेट किती वर्षं?” तो म्हणाला, “साहेब, वॉरंटी एक वर्ष.” मी पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला. शेवटी कंपन्यांच्या साईटवर जाऊन मीच शोधलं. कुणी दोन वर्षांत हात झटकतं, कुणी सात वर्षं सांभाळतं, आणि भावातला बराचसा फरक खरं तर तिथंच असतो. टॅब घेणाऱ्या कुणाला आमच्या खात्यातून एखादी गोष्ट उसनी न्यायची असेल तर त्यानं हा रकाना न्यावा. बाकी सगळं दुकानात कळतं.

स्वस्ताचा विचार केलाच नाही असं नाही. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत विद्यार्थ्यांसाठीचा ‘आकाश’ टॅब बाहेर आला, सरकारला साधारण २,२५० रुपयांत पडणारा, तेव्हा आमच्या कँटीनमध्ये आठ दिवस दुसरा विषय नव्हता. आमच्या बहुतेकांच्या बाबतीत आकाश जिथं असतं तिथंच राहिलं. पण त्याची आठवण मला या खरेदीत एकदा फार झाली. ती अशी.

एका रविवारी अख्खं घर घेऊन दुकानात गेलो. क्वालिटी कंट्रोलनं पास केल्याशिवाय मी माल घेत नाही, आणि आमचं क्वालिटी कंट्रोल म्हणजे आई. दुकानदारानं टॅब पुढं केला, “मावशी, नुसतं बोट टेकवा. लोण्यासारखा चालतो.” आईनं बोट टेकवलं. काही नाही. पुन्हा टेकवलं. मग दारावरची बेल दाबावी तसं दाबलं. पडद्यावरची सगळी चित्रं थरथरायला लागली आणि प्रत्येकाच्या डोक्यावर फुली आली. “मी काही पुसलं नाही हं,” आई हात मागे घेत म्हणाली.

या काचेखाली विजेचं बारीक जाळं पसरलेलं असतं. बोट टेकलं की त्या ठिकाणचा विजेचा भार किंचित बदलतो आणि टॅबला कळतं की कुणी तरी आलं. पण त्याला बोट लागतं ओलसर, मऊ, ऑफिसातलं. आईनं पोलादपूरच्या डोंगरउतारावर भात लावलं, शेणानं खळी सारवली, पन्नास वर्षं निखाऱ्याजवळ भाकऱ्या फिरवल्या. तिच्या बोटावर कातडी नाही, चामडं आहे. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उठत नाही, तसंच हे. आकाशची काच दाबली की कळणाऱ्या जातीची होती. नखानं दाबा, हातमोज्यानं दाबा, काडीनं दाबा. मंदपणाबद्दल लोकांनी तिला शिव्या घातल्या, पण आईचं आणि तिचं जमलं असतं.

आईनं मात्र दोन मिनिटं विचार करून नोटा मोजताना करतात तसं बोट जिभेला लावलं आणि पुन्हा काचेवर टेकवलं. टॅब झटकन उघडला. दुकानदारानं डोळे मिटून घेतले. “पास,” मी म्हटलं.

उलट बाजूही होती. काचेवर पाणी सांडलं की पाणी स्वतःच बोटासारखं वागायला लागतं आणि टॅबला वाटतं, एकाच वेळी चाळीस जण दाबतायत. महाडला वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो खिडकीतून आत यायला कुणाची परवानगी घेत नाही. तेव्हा दुकानदारानं वरच्या कपाटातून भारीतला एक काढला. “हा घ्या साहेब. आयपी अडुसष्ट. दीड मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी काही होत नाही.”

दुकानात जरा वेळ कुणी बोललं नाही. मग आईच म्हणाली, “आमचं पाणी दीड मीटरवर थांबत नाही रे बाबा. आणि अर्ध्या तासात उतरतही नाही.”

दुकानदार महाडचाच होता. त्यानं खोकं मुकाट्यानं परत ठेवलं. त्याच्या काउंटरमागच्या भिंतीवरही ती रेघ होतीच. २२ जुलै २०२१ च्या पुराची. आमच्या घरात ती दोनदा रंग काढूनही वर येते. आता आम्ही ती पुसायचा नाद सोडलाय आणि तिच्या हिशेबानं घर मांडलंय. रेघेच्या वर: कागदपत्रं, फोटोंचे अल्बम, देव, मिक्सर. रेघेच्या खाली: जे गेलं तर चालेल ते. माझी ऑफिसची बॅग खाली असते. टॅबला जागा वर मिळाली, देवांच्या शेजारी. त्यासाठी आयपी अडुसष्टची गरज नव्हती, खिळ्याची होती.

शेवटचा प्रश्न सिमचा. नुसत्या वायफायवर चालणारा स्वस्त, सिम घालायचा तीन-चार हजारांनी महाग. धाकटा म्हणाला, मोबाईलचं हॉटस्पॉट लावलं की झालं. त्यानं अर्ध्या मिनिटात लावूनही दाखवलं, माझ्याच मोबाईलचं. मी सिमवर काट मारणार एवढ्यात पोलादपूरहून मामांचा फोन आला. मामा आंबेनळी घाटाच्या अंगाला एका वाडीत राहतात. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. “सिमवालाच घे,” मामा ओरडून म्हणाले. ओरडून, कारण त्यांच्याकडे रेंज फक्त फणसाखालच्या दगडावर येते आणि तिथंही दोन काड्या. “इकडं आणलास की मला सातबारा बघायचाय.”

“मामा, तुमच्याकडे रेंजच नाही तर सिमवाला आणून काय उपयोग? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार?”

“आड हाय की. दगडावर बसून बघू!”

पण सातबाऱ्याचं नाव निघालं आणि माझा तक्ता एकदम सुटला. सातबारा हल्ली ऑनलाइन दिसतो, पंधरा रुपये भरले की डिजिटल सहीचाही मिळतो. पण कोकणातला सातबारा! देशावर एका माणसाच्या नावावर दहा एकर असतात, आमच्याकडे चार गुंठ्यांवर सतरा माणसं. आजोबा, आजोबांचे चुलते, लग्न होऊन गेलेल्या आत्या, मुंबईत गिरणीत गेले ते परत न आलेले काका, आणि सगळ्यांच्या पुढं ‘सामाईक’. हा मजकूर मोबाईलवर बघायचा म्हणजे एका वेळी दीड वारस दिसतो. पुढच्या वारसाकडे सरकवलं की आधीचा जातो, आणि तेवढ्यावरून आमच्याकडे भांडणं झाली आहेत. अकरा इंची काचेवर मात्र सतराच्या सतरा जण एका नजरेत बसतात, कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच. तक्त्याखाली मी लिहिलं: अकरा इंची, तांत्रिक कारण, सातबारा.

राहिला मेहुण्याचा आयपॅड. भाव बघून तो आधीच एल-थ्री होता, पण नुसत्या भावावर माल नाकारला तर ऑडिटला उत्तर द्यावं लागतं, आणि माझं ऑडिट माहेरची बाजू घेतं. कारण सापडलं. घरगुती वापरात आयपॅडवर खातं एकच चालतं. अँड्रॉइडच्या बऱ्याच टॅबवर प्रत्येकाचं वेगळं खातं उघडता येतं, मोठीच्या नोट्स वेगळ्या, हिचा हिशेब वेगळा, धाकट्याचं क्रिकेट कुलुपात. मेहुण्याला कळवलं. “मग पाट घ्या,” तो म्हणाला.

खरेदी दहा मिनिटांत उरकली. एल-वन ऑनलाइन होता, पण दुकानदार त्याच्या जवळपास आला आणि वर काच व कव्हर दिलं. १८ टक्के जीएसटीचं पक्कं बिल मी मागून घेतलं. पुरानंतर ज्यानं दुकान धुऊन पुन्हा लावलं त्याला चारशे रुपये जास्त गेले तर गेले. हे कारण कंपनीच्या तक्त्यात चाललं नसतं.

घरी आल्यावर माल उतरवून घ्यायचा कार्यक्रम. मी इंडेंटचं पान पुढं केलं, सहीचा रकाना मोकळाच होता. ही म्हणाली, “मी कुठं मागितला? मुलांसाठी घेतलाय.” मोठी म्हणाली, “मी म्हटलं होतं, नको.” धाकटा सही करायला तयार होता, पण सज्ञान नाही. धाकट्यानंच मग टॅब लावला आणि विचारलं, “प्रत्येकाचं वेगळं खातं काढू ना?”

“कसलं खातं?” आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

त्यानं समजावलं. आईनं ऐकून घेतलं. सतरा नावांच्या सातबाऱ्याच्या घरात जन्मलेली बाई ती. “एका चुलीवर जेवणाऱ्यांची वेगळी खाती कशाला रे?” ती म्हणाली. “एकच ठेव.”

एकच ठेवलं. मग कुलूप. आईचा अंगठा तिथंही उठला नाही. आकडे आईच्या लक्षात राहत नाहीत. तेव्हा धाकट्यानं ते नऊ ठिपक्यांचं कुलूप काढलं, तीन ओळी, तीन रांगा, बोट न उचलता ठिपके जोडायचे. आईचा चेहरा एकदम उजळला. पंचावन्न वर्षं उंबऱ्यापुढं रोज हेच करत आलेली बाई. तिनं बोट जिभेला लावलं, टॅब स्वतःकडे वळवला आणि एका झटक्यात काही तरी काढलं. पुन्हा तेच काढून पक्कं केलं. धाकटा म्हणाला, “आजी, मला दिसलं नाही.”

“दिसायला कशाला हवं?” आई म्हणाली.

इंडेंटवर शेवटी तिचाच अंगठा घेतला. शाईचा मात्र लगेच उठला.

काल रात्री जेवणं झाल्यावर मी देवांजवळ जाऊन टॅब खाली काढला आणि आईपुढं धरला.

“काय पाहिजे?”

“लाइटचं बिल बघायचंय.”

“किती वेळ?”

“पाच मिनिटं.”

आईनं माझ्याकडे पाठ केली, पदर जरा आड घेतला, बोट फिरवलं आणि टॅब माझ्या हातात दिला. “मागल्या खेपेला काच तेलकट करून दिली होतीस,” ती म्हणाली. “आणून देताना पुसून दे.”